जुळ्यांचा मेंढा घेताय? आधी जीन चाचणीचा रिपोर्ट वाचायला शिका



आजचा पाठ मेंढ्या पाळणाऱ्या सभासदांसाठी आहे. पण गाई, शेळ्या किंवा जातिवंत कुत्री पाळणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण हिशोब सगळीकडं एकच आहे. मेसेज मोठा आहे. आत्ता वेळ नसेल तर स्टार करून ठेवा आणि संध्याकाळी निवांत वाचा.

लोणंदच्या बाजारात जा नाहीतर चाकणच्या, पैदाशीचा नर विकणारा हमखास म्हणतो, "हा जुळ्यातला आहे बरं का, याच्या लेकींना जुळीच होणार." तेवढ्या एका वाक्यावर भाव वाढतो. आता विचार करा. नर स्वतः वीत नाही. जुळ्यांचा गुण त्याच्या अंगात आहे का, हे ना शिंगावर दिसतं, ना तोंडावर, ना वजनकाट्यावर. पूर्वी ते कळायला एकच रस्ता होता: त्याच्या लेकी मोठ्या होऊन विणेपर्यंत थांबायचं. त्यात दीड-दोन वर्षं जातात. तोवर नर म्हातारा होतो किंवा विकला गेलेला असतो.

आता दुसरा रस्ता आहे, जीन चाचणीचा. आणि या कामात आपल्या पुणे-सातारा भागाचा मोठा वाटा आहे.

*१) फलटणला काय झालं*

आपली दख्खनी मेंढी काटक आहे. ऊन, चाल, कमी चारा, सगळं सोसते. पण वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते. याउलट बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची बुटकी मेंढी आहे. तिला जुळी-तिळी सर्रास होतात. पण तिचं अंग एवढं लहान की मटणाच्या दृष्टीनं आपल्याला परवडत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, नव्वदच्या दशकात गरोळ मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरू केला. हेतू साधा होता. अंग दख्खनीचं ठेवायचं आणि गरोळचा फक्त जुळ्यांचा गुण घ्यायचा. त्यासाठी संकरित पिलं पुन्हा पुन्हा दख्खनीशी लावायची. पहिल्या पिढीत गरोळचं रक्त निम्मं, दुसरीत पाव, तिसरीत त्याच्या निम्मं. पण रक्त कमी होताना हवा तो गुणच निसटला तर? दर पिढीत कुठल्या पिलात तो गुण उरलाय, हे ओळखायचं कसं?

उत्तर २००१ साली मिळालं. जुळ्यांचा हा गुण एकाच जनुकातल्या एका छोट्या बदलामुळं येतो, हे त्या वर्षी शास्त्रज्ञांच्या तीन वेगवेगळ्या गटांनी शोधलं. या बदलाला 'फेक-बी' किंवा बूरूला जनुक म्हणतात. बूरूला हे ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढीफार्मचं नाव. तिथल्या मेरिनो मेंढ्यांत हा गुण आधी लक्षात आला होता. तो तिथं बंगालमधून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांमार्फत पोचला असं मानतात. म्हणजे गुण मूळचा आपल्या देशातलाच.

जनुक सापडल्यावर रक्ताच्या थेंबावरून चाचणी शक्य झाली. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं या कामात 'नारी'ला साथ दिली, आणि ऑस्ट्रेलियन संस्थांचीही मदत झाली. त्यातून जो वाण उभा राहिला तो 'नारी सुवर्णा'.

*२) रिपोर्टवर काय लिहिलेलं असतं*

प्रत्येक जनावरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. म्हणून रिपोर्टवर तीनपैकी एक उत्तर येतं:

▪️ *बी-बी:* दोन्ही प्रतींत जुळ्यांचा गुण आहे.
▪️ *बी-प्लस:* एका प्रतीत आहे, दुसऱ्या प्रतीत नाही.
▪️ *प्लस-प्लस:* एकाही प्रतीत नाही. आपली साधी दख्खनी बहुतेक अशीच असते.

इथं 'प्लस' म्हणजे जास्त असं समजू नका. प्लस म्हणजे साधं, मूळचं जनुक. या एका शब्दावरून फसगत होऊ शकते.

एक प्रत असलेल्या मेंढीला साध्या दख्खनीपेक्षा वेताला सरासरी सुमारे अर्धं कोकरू जास्त होतं. म्हणजे दहा मेंढ्यांमागे दहाच्या जागी पंधराच्या आसपास. प्रत्येक वेताला जुळीच होतील असं नाही, हे लक्षात ठेवा.

*३) जोडीचा हिशोब*

नर एकटा बघू नका, जोडी बघा.

▪️ बी-बी नर × साधी मेंढी = सगळी पिलं बी-प्लस.
▪️ बी-प्लस नर × साधी मेंढी = निम्मी बी-प्लस, निम्मी साधी.
▪️ बी-प्लस नर × बी-प्लस मेंढी = चारात एक बी-बी, दोन बी-प्लस, एक साधं.
▪️ साधा नर × साधी मेंढी = सगळी साधी.

तिसरी ओळ तुम्हाला ओळखीची वाटेल. हायब्रीड टोमॅटोचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं सारखी येत नाहीत, फुटतात. इथंही तेच होतं.

आता पैशात बघा. समजा तुमच्याकडं २० साध्या मेंढ्या आहेत आणि २० कोकरं झाली. त्यात अंदाजे १० माद्या. नर बी-बी असेल तर दहाही माद्यांत गुण उतरला. नर बी-प्लस असेल तर साधारण पाचात. कुठल्या पाचात, ते चाचणी केल्याशिवाय कळणार नाही. म्हणून बी-बी आणि बी-प्लस नराला एकच भाव देणं म्हणजे आपलं नुकसान. 'निम्मी' हा अंदाज आहे, नाणं उडवल्यासारखा. चार कोकरांत दोनच्या जागी एक किंवा तीनही निघतील.

*४) नेहमीचे गैरसमज*

❌ _"जुळ्यातला नर म्हणजे गुण असणारच."_
आई बी-प्लस आणि बाप साधा असेल, तर पिलात गुण येण्याची शक्यता निम्मी. जुळ्या भावांतल्या एकात असेल, दुसऱ्यात नसेल. शिवाय चांगल्या खुराकानं साध्या मेंढीलाही कधीतरी जुळी होतात.

❌ _"नर आणला की यंदाच जुळी होतील."_
नाही. मेंढीला किती कोकरं होणार हे तिच्या स्वतःच्या अंगावर ठरतं, नरावर नाही. नराचा फायदा त्याच्या लेकी विल्यावर दिसतो. पाच महिने गाभणकाळ, मग लेक वयात यायची, मग तिचे पाच महिने. दोन वर्षांचा हिशोब धरूनच पैसे घाला.

❌ _"एक प्रत चांगली, तर दोन अजून चांगल्या."_
नर बी-बी चांगला. पण माद्या बी-बी झाल्या तर तिळ्यांचं प्रमाण वाढतं, कोकरं बारकी होतात आणि दूध पुरत नाही. आपल्यासारख्यांना बी-प्लस माद्याच परवडतात. म्हणून नराला त्याच्याच लेकींवर सोडू नका. नात्यातली पैदास तशीही वाईटच. दोन वर्षांनी नर बदला.

❌ _"रिपोर्ट चांगला म्हणजे नर चांगला."_
ही चाचणी फक्त एका गुणाबद्दल बोलते. पाय, दात, अंडकोष, वजन, ब्रुसेला यातलं काहीच ती सांगत नाही. ते वेगळं तपासून घ्यावंच लागतं.

शेळीवाल्यांसाठी: ही चाचणी मेंढीची आहे, शेळीला लावू नका. बोकड निवडताना त्याच्या आईच्या आणि आजीच्या वेतांची नोंद हाच तुमचा आधार.

*५) नमुना कसा द्यायचा*

▪️ रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्या. जांभळ्या झाकणाची, रक्त न गोठणारी नळी लागते.
▪️ रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका.
▪️ कानातल्या बिल्ल्याचा नंबर *त्याच क्षणी* नळीवर आणि वहीत लिहा. एक जनावर पूर्ण झाल्यावरच दुसरं धरा. नळ्यांची अदलाबदल झाली की सगळा खर्च पाण्यात.
▪️ नळी बर्फाच्या डब्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको.
▪️ जनुक आयुष्यात बदलत नाही. एका जनावराची चाचणी एकदाच. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स घरात ठेवा.

*६) जुळी जन्मली म्हणजे जगली असं नाही*

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जुळं मेलं तर चाचणीचा, नराचा, मेंढीच्या अंगाचा, सगळाच तोटा. आणि कोकरं सांभाळायचं काम बहुतेक घरात बायकांच्या वाट्याला येतं. म्हणून नर घेण्याआधी घरातल्या माउलीला विचारा की रोज बाटलीनं दूध पाजायची तयारी आहे का.

▪️ गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला चाऱ्याबरोबर रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या.
▪️ या काळात मेंढी खायची थांबली, कळपापासून बाजूला उभी राहिली, झोकांडी खायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. पोटात जुळी असलेल्या मेंढीत हा आजार जास्त होतो आणि उशीर केला तर ती दगावू शकते.
▪️ विण्याआधी आंत्रविषाराची लस कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.
▪️ जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. दोन किलोच्या कोकराला पहिल्या पाजण्यात १०० मिलीच्या आसपास. जे बारकं आहे त्याला आधी सडाला लावा.
▪️ दूध कमी पडलं तर शेळीचं दूध कोमट करून बाटलीनं पाजा.

ज्यांची मेंढरं वर्षातले सहा-आठ महिने वाटेवर असतात आणि खुराक देणं जमत नाही, त्यांनी हा नर घेऊ नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. चालत्या कळपात एक धड कोकरू दोन मरतुकड्यांपेक्षा बरं.

*७) गाईवाल्यांसाठी*

मेंढीत आपण चांगला गुण शोधतोय. गाईत हीच चाचणी वाईट गुण टाळायला वापरतात. १९५२ साली अमेरिकेत ऑसबॉर्नडेल आयव्हन्हो नावाचा होल्स्टिन वळू जन्मला. वंश दुधाला नामी, म्हणून त्याच्या वंशातल्या वळूंच्या रेतमात्रा जगभर गेल्या. पण त्याच्या एका प्रतीत 'ब्लॅड' नावाच्या आजाराचा दोष होता. एका प्रतीनं जनावर आजारी पडत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. दोन्हीकडून दोष आला की वासरू सारखं आजारी पडतं, जखमा भरत नाहीत आणि बहुतेक वेळा लहानपणीच जातं. १९९०च्या सुमारास चाचणी निघाली तेव्हा अमेरिकेतल्या होल्स्टिन वळूंपैकी १०० मागे सुमारे १४ वळू दोष बाळगणारे निघाले. दिसायला सगळे ठणठणीत.

म्हणून आपल्या देशात रेतन केंद्रांवरच्या वळूंची आनुवंशिक आजारांसाठी तपासणी करायचा नियम आहे. तुम्ही एवढंच करा: गाय भरवली की रेतकांडीवरचा वळू नंबर वहीत लिहून घ्या आणि त्याच्या लेकीला पुन्हा तोच वळू देऊ नका. फुकटच्या, नोंद नसलेल्या वळूला हे काहीच लागू होत नाही.

*८) कुत्री पाळणाऱ्यांसाठी*

डोणजे, खानापूर भागात काही सभासद लॅब्रॅडॉरची पिल्लं विकतात. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्याचा एक आनुवंशिक आजार आहे. आधी रात्री दिसेनासं होतं, मग पूर्ण अंधत्व. तो उशिरा दिसतो, तोवर त्या कुत्र्याची पिल्लं विकून झालेली असतात. याची जीन चाचणी होते. हिशोब वरचाच: दोष बाळगणारा नर × दोष बाळगणारी मादी = चारात एक पिल्लू आजारी. दोघांतलं एक जरी निर्दोष असलं तर एकही पिल्लू त्या आजारानं आंधळं होत नाही. मागच्या पायांच्या खुब्याचा आजार मात्र एका जनुकाचा नाही, त्याला एक्स-रेच लागतो. परदेशी जातींवर बसवलेली चाचणी आपल्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याला तशीच लागू पडेल असं धरू नका. आणि पिल्लं विकण्यासाठी पैदास करत असाल तर २०१७च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं नोंदणी लागते.

*नर घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न* (स्क्रीनशॉट काढा 📌)

✅ जीन चाचणी झालीय का? रिपोर्ट दाखवा.
✅ रिपोर्टवरचा नंबर आणि कानातला बिल्ला जुळतोय का?
✅ बी-बी की बी-प्लस?
✅ आई-बाप कोण? माझ्या कळपाशी नातं आहे का?
✅ ब्रुसेलाची तपासणी झालीय का?

पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर नर मटणाच्या भावानं घ्या, जुळ्यांच्या भावानं नको.

गावातले चार-पाच जण मिळून एक तपासलेला बी-बी नर घेणार असाल, तर या मेसेजला 'नर' असं लिहून उत्तर द्या. गावाचं नाव आणि मेंढ्यांची संख्या टाका, म्हणजे एकत्र चौकशी करता येईल. बाकी शंका व्हॉइस मेसेजनं पाठवल्या तरी चालेल.

पुढच्या पाठात: वेतांची नोंदवही कशी ठेवायची. एक वही आणि एक पेन घेऊन ठेवा.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, खडकवासला