उंदीर वायरी का कुरतडतो?

चार दिवस उभी असलेली मोटार सुरू होईना, म्हणून बॉनेट उघडावे तर वायरी कुरतडलेल्या! उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना टेकल्या तर आगही लागू शकते.

उंदीर हे पोट भरण्यासाठी करतो काय? नाही. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात. मोठ्या उंदराचे तर वर्षाकाठी १० सेंटिमीटरांहून अधिक! ते एकमेकांवर घासून, काहीबाही कुरतडून झिजवावे लागतात. दाताची पुढची बाजू कठीण एनॅमलची, मागची मऊ. मागची बाजू लवकर झिजते आणि धार आपोआप राहते. तांब्याची तार त्यापुढे मऊच.

बंद केलेल्या इंजिनात ऊब असते, अंधार असतो. काहीजण तंबाखूची पाने ठेवतात. पण वास उडाला की स्वारी परत हजर. त्यापेक्षा वाट अडवणे बरे. ६ मिलिमीटरांहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी मेकॅनिककडून बसवून घ्यावी. ती फिरत्या पट्ट्याला वा तापणाऱ्या नळीला लागता कामा नये. गाडीत खाऊचे कणही ठेवू नयेत.

आता गॅरेजच्या दाराखाली पेन्सिल सरकवून पाहा. ती आत गेली, तर घरातला लहान उंदीरही जाऊ शकेल.