गावचे पाणी आणि गावचा कारभार

जबलपूर शहराच्या आसपास, विशेषतः पाटण व सिहोरा या तहसिलींत, काळ्या कसदार जमिनीचा सपाट पट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यास तेथील लोक 'हवेली' म्हणतात. मराठी वाचकास हवेली म्हटले की प्रशस्त वाडा आठवतो. येथे मात्र हा शब्द जमिनीचा आणि ती कसण्याच्या एका जुन्या पद्धतीचा वाचक आहे. हवेलीतील शेतांना चारही बाजूंनी मातीचे रुंद बांध घातलेले असत. पावसाळ्यात या शेतांत काही न पेरता पाणी अडवून ठेवीत. पाण्याखाली काँसासारखे चिवट गवत कुजून जाई आणि जमीन खोलवर भिजे. पाऊस ओसरला की आश्विनाच्या सुमारास बांध फोडून पाणी सोडून देत आणि वाफसा येताच गहू व हरभरा पेरीत. विहिरीचे वा कालव्याचे पाणी न देता केवळ त्या ओलीवर रब्बीचे पीक उभे राही. गहू आणि हरभरा मिसळून पेरण्याचीही चाल होती. त्या मिश्र पिकास 'बिर्रा' असे नाव होते.

स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासात शेतीच्या या पद्धतीस स्थान देण्याचे कारण उघड आहे. हवेलीतील शेते एकमेकांस लागून असत. एकाने सोडलेले पाणी दुसऱ्याच्या शेतातून वाहून जाई. कोणाचा बांध आधी फोडावयाचा, कोणी थांबावयाचे आणि पाणी कोणत्या वाटेने नाल्यास मिळवावयाचे, हे आपसांत ठरल्याशिवाय कोणाचीच पेरणी वेळेवर होणे शक्य नव्हते. एका आडमुठ्या शेतकऱ्यामुळे शेजाऱ्याचा हंगाम बुडू शकत असे. म्हणून दरवर्षी ठराविक दिवसांत संबंधित शेतकऱ्यांना एकमेकांशी बोलावेच लागे आणि एका निर्णयास यावे लागे. यासाठी कोणताही कायदा नव्हता, निवडणूक नव्हती, कार्यालय नव्हते. कारभार मात्र होता.

मालगुजाराचे गाव

तथापि एवढ्यावरून जुने गाव म्हणजे एक लहानसे प्रजासत्ताक होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 मध्ये हिंदुस्थानातील खेड्यांचे तसे वर्णन केले आणि पुढे ते अनेकांनी उचलून धरले. जबलपूरच्या मुलखात वस्तुस्थिती निराळी होती. नागपूरकर भोसल्यांकडून हा प्रदेश 1818 च्या सुमारास इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत सरकारने गावाचा वसूल भरणाऱ्या मालगुजारास गावाच्या मालकीचा हक्क दिला. पूर्वी जो वसुलीचा मक्तेदार होता, तो आता जमीनमालक झाला.

गावची पडीक जमीन, झाडझाडोरा, चराई आणि तळी यांवर मालगुजाराची सत्ता चाले. रयतेला सरपण किती घेता येईल, गुरे कोठे चारता येतील, कोणत्या तळ्याचे पाणी मिळेल, यांविषयीच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात नोंदविलेल्या असत. दैनंदिन गरजांच्या या हक्कांना 'निस्तार' म्हणत. गावचा मुकादम सामान्यतः मालगुजारच असे किंवा त्याने नेमलेला माणूस असे. पहारा करणे आणि गुन्ह्याची वर्दी देणे हे काम कोतवार करी. बांधाच्या पाण्याविषयी बोलणी होत, ती जमीन कसणाऱ्यांमध्ये. बांध घालणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या भूमिहीन मजुरांना त्यांत शब्द नव्हता, स्त्रियांना तर नव्हताच. 1948 च्या नोव्हेंबर महिन्यात घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवास जो कठोर विरोध केला, त्याचा अर्थ अशा गावाकडे पाहिले म्हणजे समजू लागतो. खेड्यात सहकार्य होते. पण समता नव्हती.

कायद्याने आलेले स्वराज्य

लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर मध्य प्रांतात 1883 साली स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. त्याखाली जिल्ह्यास जिल्हा कौन्सिल आणि खाली लोकल बोर्डे स्थापन झाली. परंतु गावाच्या वतीने लोकल बोर्डाचा सभासद निवडण्याचा अधिकार होता तो गावोगावच्या मुकादमांस. म्हणजे निवडणूक आली, तरी गावाचा आवाज मालगुजाराच्या तोंडूनच निघत होता. 1920 मध्ये ग्रामपंचायतींचा कायदा झाला आणि 1946 मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली.

स्वातंत्र्यानंतर या प्रांतात एक धाडसी प्रयोग झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे स्थानिक स्वराज्य मंत्री आणि जबलपूरच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणी पं. द्वारकाप्रसाद मिश्र यांनी 'जनपद योजना' मांडली. 1948 च्या कायद्यान्वये जिल्हा कौन्सिले बरखास्त झाली आणि प्रत्येक तहसिलीसाठी एकेक जनपद सभा अस्तित्वात आली. शासनाची कामे हळूहळू या सभांकडे सोपवावीत आणि तहसील हेच लोकशासनाचे केंद्र व्हावे, ही त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी राहिला आणि पैशाची चणचणही कायम राहिली. विदर्भ त्या वेळी याच प्रांतात असल्यामुळे नागपूर, भंडारा, चांदा येथील मराठी खेड्यांनीही जनपद सभा अनुभवली. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि तेथील जनपद सभांचा शेवट झाला. मध्य प्रदेशात मात्र विकासखंडाच्या पातळीवरील संस्थेस आजही 'जनपद पंचायत' म्हणतात. योजना गेली, पण शब्द उरला.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपुष्टात आली. गावावरील एका माणसाची मालकी नाहीशी झाली, ही निःसंशय मोठी क्रांती होती. परंतु पडीक जमीन, तळी व झाडे गावाकडे न येता शासनाकडे निहित झाली. यातून काय घडले ते भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील 'मामा तलावां'वरून मराठी वाचकास चांगले कळेल. मामा म्हणजे माजी मालगुजारी. तळ्याचा धनी बदलला. निस्ताराचा हक्क सांगणारे लोक तेच राहिले. पण गाळ कोणी काढावयाचा आणि पाळ कोणी बांधावयाची, या प्रश्नास निश्चित उत्तर राहिले नाही. मालगुजार जुलमी असेल, पण तळे फुटले तर त्याचे नुकसान होत असे. नव्या व्यवस्थेत ते फुटल्यास नुकसान गावाचे होई आणि अधिकार दूरच्या कचेरीत असे.

इंग्लंडमधील पॅरिशचा दाखला

गावाच्या संस्थेचे बळ कशात असते, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील लहान खेड्याचा इतिहास उपयोगी पडतो. तेथे गावाच्या कारभाराचा घटक म्हणजे पॅरिश. मुळात हा चर्चचा परिसर. परंतु 1601 च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर आली आणि त्यासाठी कर बसविण्याचा अधिकारही मिळाला. रस्त्यांची डागडुजीही पॅरिशकडे होती. करदात्यांची सभा चर्चमध्ये भरे. तिला 'व्हेस्ट्री' म्हणत. तेथेही जमीनदार आणि धर्मोपदेशक यांचाच शब्द वरचढ असे, पण सभेपुढे खरे काम असल्यामुळे लोक तिची दखल घेत.

1834 मध्ये गरिबांच्या पोषणाची व्यवस्था अनेक पॅरिशांच्या संघांकडे गेली आणि व्हेस्ट्रीचा मुख्य व्यवसाय संपला. पुढे साठ वर्षांनी, 1894 च्या कायद्याने, प्रत्येक ग्रामीण पॅरिशला मतदारांची सभा मिळाली आणि 300 किंवा त्याहून अधिक वस्तीच्या पॅरिशला निवडलेले कौन्सिल मिळाले. विवाहित स्त्रियांनाही मतदानाचा व उमेदवारीचा हक्क मिळाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पौंडामागे तीन पेन्सपेक्षा जास्त कर लागणारा खर्च करावयाचा तर कौन्सिलने पॅरिश सभेची संमती घेतली पाहिजे, असेही बंधन होते. परंतु कौन्सिलच्या वाट्यास कामे आली ती मुख्यतः पायवाटा, दफनभूमी, मजुरांसाठी लागवडीचे तुकडे यांसारखी. सभा लोकांची झाली, तोपर्यंत मोठे काम वरच्या संस्थांकडे गेले होते.

जबलपूर आणि इंग्लंड यांच्या इतिहासातील हे साम्य योगायोगाचे नाही. गावात जेव्हा सर्वांचे मिळून एखादे अटळ काम असते, तेव्हा बहुधा सत्ता थोड्यांच्या हाती असते. सत्ता सर्वांच्या हाती येते, तेव्हा ते काम गावाबाहेर गेलेले असते.

पंचायत आली, पाणी गेले

मध्य प्रदेशात 1962 मध्ये नवा पंचायत कायदा झाला. त्याच सुमारास हवेलीच्या मुळावर घाव घालणारे बदल सुरू होत होते. 1964 मध्ये जबलपूर येथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. सोयाबीनच्या प्रसारात या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. पावसाळ्यात रिकामे ठेवावे लागणारे शेत आता पैसा देऊ लागले. मग त्यात पाणी कोण साठवील? पुढे कूपनलिका आल्या, बरगी धरणाचे कालवे आले, भात आणि वाटाणा यांचे क्षेत्र वाढले. शेतकऱ्याला शेजाऱ्याची गरज पूर्वीइतकी उरली नाही. बांध सपाट होऊ लागले आणि त्यांच्याबरोबर आश्विनातील ती बोलणीही संपत आली. या बदलाबद्दल शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. दुसरे पीक त्याच्या घरात धान्य व पैसा आणीत होते. पण जमिनीत मुरणारे पाणी हा सर्वांचा ठेवा आहे, आणि तो सांभाळण्याची जुनी रीत मोडत असताना नवी रीत कोणी घातली नाही.

कालव्याच्या पाण्यासाठी 1999 मध्ये राज्याने कायदा करून शेतकऱ्यांच्या निवडलेल्या पाणीवापर संस्था स्थापन केल्या. हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे गावचे पाणी एका संस्थेकडे आणि गावचा बाकीचा कारभार दुसऱ्या संस्थेकडे, अशी विभागणी झाली.

ग्रामसभेची कसोटी

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली. तदनुसार मध्य प्रदेशाचा पंचायत राज अधिनियम जानेवारी 1994 मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी निवडणुका घेणाऱ्या पहिल्या राज्यांत या राज्याची गणना झाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा यांमुळे ज्यांना बांधावरच्या बोलण्यात शब्द नव्हता, ते सरपंचाच्या आसनावर आले. स्त्रियांचा वाटा पुढे निम्म्यापर्यंत वाढविण्यात आला. 26 जानेवारी 2001 पासून 'ग्रामस्वराज' या नावाने पंचायतीचे अनेक अधिकार प्रत्यक्ष ग्रामसभेस देण्याचाही प्रयत्न झाला. मतदारांनी सरपंचास परत बोलाविण्याची तरतूदही याच काळातील. पंचायतीच्या सभासदांना शिक्षण देणारी राज्याची ग्रामविकास संस्था जबलपूरजवळच, अधारताल येथे आहे.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांतील फरक येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. पंचायत म्हणजे निवडून आलेली थोडी माणसे; ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदार. पंचायत काम करते, ग्रामसभा हिशेब विचारते. 2005 च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने कामांच्या सामाजिक तपासणीचा अधिकार ग्रामसभेस दिला, तेव्हा हजेरीपट आणि मजुरी यांविषयी मजुरालाच प्रश्न विचारण्याची सोय झाली. मालगुजाराच्या गावात ही गोष्ट कल्पनेतही येणे कठीण होते. पण हक्क कागदावर असणे आणि सभेत उभे राहून प्रश्न विचारणे यांत अंतर आहे. गणपूर्ती झाली नाही, सह्यांसाठी वही घरोघर फिरली, किंवा वरून आलेली कामांची यादीच वाचून दाखविली गेली, तर ग्रामसभा भरूनही न भरल्यासारखीच होते.

गावाच्या स्वराज्यास तीन गोष्टी लागतात : सर्वांनी मिळून करावयाचे काम, त्या कामासाठी हाती असलेला पैसा, आणि हिशेब विचारण्याचा सर्वांना सारखा हक्क. हवेलीच्या जुन्या गावाजवळ पहिली गोष्ट होती, तिसरी नव्हती. आजच्या गावाजवळ कायद्याने तिसरी आली आहे. दुसरी बऱ्याच अंशी वरून येते. पहिली मात्र गावानेच पुन्हा शोधावयाची आहे. पाणी भरून उभ्या राहणाऱ्या शेतांचा काळ कदाचित परतणार नाही. परंतु गावच्या शिवारात पडलेला पाऊस आणि जमिनीखालचे पाणी हे अजूनही कोणा एकाचे नाही. त्याची वाटणी ठरविण्यासाठी सर्व स्त्रीपुरुष, जमीन असलेले व नसलेले, एका सभेत बसतील, तेव्हा जबलपूरच्या मुलखातील खेड्यास जुन्या काळचे सहकार्य आणि नव्या काळची समता ही दोन्ही एकत्र लाभतील.