मत्स्यपेटीतील रोगनिदान : आधी पाणी, मग औषध

सिडकोच्या नियोजनातून उभ्या राहिलेल्या नवीन पनवेलमध्ये बैठकीच्या खोलीत काचेची मत्स्यपेटी ठेवणारी घरे थोडी नाहीत. गप्पी, मोली, एंजल, गोरामी, निऑन टेट्रा अशा निरनिराळ्या जातींचे गोड्या पाण्यातील मासे एकत्र नांदणारी ही मिश्र मत्स्यपेटी मुलांना जीवशास्त्राचा पहिला धडा देते. १९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने हेच कुतूहल अनेक पिढ्यांत जागविले. तथापि मासा आजारी पडला की पुष्कळ घरी औषधाची बाटली आणून ती पाण्यात ओतली जाते. रोग कोणता, हे न ठरविता केलेला असा उपचार अनेकदा रोगापेक्षाही घातक ठरतो. यास्तव निदानाचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्व मासे की एकच मासा?

निदानाचा प्रारंभ याच प्रश्नाने करावयास हवा. समजा, शंभर लिटरच्या टाकीतील सर्व मासे सकाळी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत आहेत. संसर्गजन्य रोग सहसा एका रात्रीत सर्व जातींना सारखाच पछाडीत नाही. असे घडले तर दोष पाण्यात आहे, असे प्रथम गृहीत धरावे. चौकशी केल्यास बहुधा असे आढळते की, आदल्या दिवशी टाकी ‘स्वच्छ’ करण्यात आली, सारे पाणी बदलले गेले आणि गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला गेला.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माणसाचे रोगजंतूंपासून रक्षण करतो. परंतु तोच माशांचे नाजूक कल्ले पोळतो आणि स्पंजावर वाढलेले उपकारक जीवाणूही नष्ट करतो. माशांच्या उत्सर्जनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे हे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ते नाहीसे झाले की अमोनिया साचू लागतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला तर त्यातील विषारी अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उरतो. अशा वेळी वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर दाटीने भरलेल्या टाकीत मासे गुदमरतात.

म्हणून औषधापूर्वी अमोनिया, नायट्राइट व सामू यांची चाचणी करावी. तिचे संच मत्स्यपेटीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. अमोनिया व नायट्राइट शून्य असावयास हवेत. तसे नसल्यास क्लोरीन काढलेल्या पाण्याने चौथाई ते एकतृतीयांश पाणी बदलणे, खाद्य थांबविणे आणि हवेचा पुरवठा वाढविणे, हाच पहिला उपचार होय. स्पंज धुणे झाल्यास तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा.

अंगावरील खुणा

पाणी निर्दोष असून मासे एकामागून एक आजारी पडत असतील, तर मग संसर्गाचा विचार करावा. अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा दगडांवर अंग घासू लागला, तर तो बहुधा ‘इक’ या परजीवीचा प्रादुर्भाव असतो. पूर्ण वाढलेला परजीवी मासा सोडून तळाशी जातो. तेथे त्याची शेकडो पिले होतात आणि ती नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेवरच. म्हणून ठिपके गेले की लगेच उपचार थांबविणे ही चूक होय.

तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर दिसला की लोक त्यास बुरशी समजतात. पुष्कळदा तो कॉलम्नॅरिस या जीवाणूचा रोग असतो. इकच्या उपचारात पाणी थोडे कोमट ठेवून परजीवीचे जीवनचक्र लवकर उरकविले जाते. मात्र कॉलम्नॅरिस उष्णतेने अधिकच फोफावतो. एका रोगास हितकारक असलेला उपाय दुसऱ्यात मृत्यू ओढवतो, तो असा.

खवले फुलून पोट फुगणे हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील बिघाडाचे लक्षण आहे. अंग खंगणे, पाठीचा कणा वाकणे ही क्षयवर्गीय जीवाणूंची खूण असू शकते. हे जीवाणू माणसाच्या हातावरील जखमेतूनही शिरतात. अशा टाकीत उघड्या जखमेचा हात घालू नये.

काही खुणा तर रोगाच्या नसतातच. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे पुरळ येते. निऑन टेट्राचा रंग रात्री फिका पडतो. एंजलचे कुरतडलेले पर हे अनेकदा शेजारच्या टायगर बार्बचे काम असते. येथे औषध नव्हे, तर निरीक्षण हवे.

नोंद, विलगीकरण आणि प्रयोगशाळा

नवा मासा मोठ्या टाकीत सोडण्यापूर्वी दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पाणी केव्हा बदलले, कोणता मासा केव्हा आणला, लक्षणे कोणत्या क्रमाने दिसली, याची साधी वही ठेवल्यास निम्मे निदान घरीच होते. माणसांसाठीच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या टाकीत टाकणे सर्वथा टाळावे; त्यांनी गाळणीतील जीवाणू मरू शकतात आणि औषधांना न जुमानणारे रोगजंतू वाढीस लागतात. निदान होत नसल्यास मत्स्यरोगांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. मुंबईत वर्सोवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मत्स्यरोगांचा शास्त्रीय अभ्यास होतो. तपासणीसाठी कुजलेला मासा निरुपयोगी असतो. आजारी पण जिवंत मासा आणि वेगळ्या बाटलीत टाकीचे पाणी न्यावे.

टाकीबाहेरची जबाबदारी

आजारी मासा ‘जगेल तर जगेल’ म्हणून वडाळे तलावात किंवा गाढी नदीत सोडणे ही दया नव्हे. माशांबरोबर रोगही प्रवास करतो. १९७१ मध्ये जपानात प्रथम नोंदलेला माशांचा व्रणरोग १९८८ मध्ये ईशान्य भारतात पोहोचला आणि पुढे देशाच्या इतर भागांत पसरला. त्याने मरळीसारख्या खाद्यमाशांची हानी केली, आणि ती झळ मच्छीमारांच्या चुलीपर्यंत गेली. यास्तव मेलेला मासा जमिनीत खोल पुरावा आणि आजारी टाकीचे पाणी जलाशयात जाऊ देऊ नये.

काचेपलीकडील मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने पाणी बोलते, त्याच्या हालचाली बोलतात. ते आधी वाचावे आणि बाटलीचे झाकण त्यानंतरच उघडावे. एवढी शिस्त पाळली, तर घरातील हा लहानसा जलाशय दीर्घकाळ निरोगी राहील.