पोट दाबू नकोस, श्वास दे

अगं सुमे, मे महिन्यात तू माहेरी जाशील आणि पोरं मळ्यातल्या विहिरीकडे पळतील. जाऊ देत. पाठीला बिंडा नाहीतर डबा बांध, काठावर पट्टीचा पोहणारा असू दे. पण एक गोष्ट आजच समजून घे.

कुणी बुडालं की लोक त्याला बाहेर काढून उलटं धरतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. 'पाणी काढा' म्हणून एकच गलका. करतात सगळं मायेनंच, पण जीव त्यातच जातो गं! त्याला हवा मिळालेली नसते, खरं दुखणं ते. पोट दाबलं की पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत शिरतं, आणि मेंदू तग धरतो ती मोजकी मिनिटंही वाया जातात.

तू त्याला सपाट जमिनीवर उताणं झोपव. हाक मार. ओ देत नाही, छाती नीट वरखाली होत नाही, मग थांबू नकोस. मधूनच आचके देतोय त्याला श्वास समजू नकोस. दुसऱ्या कुणालातरी 108 लावायला सांग. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत. तोंडावर तोंड घट्ट लावून सेकंदभर फुंक आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघ, छाती वर आली पाहिजे. असे आधी पाच श्वास. तान्हं बाळ असेल तर नाक-तोंड दोन्ही तुझ्या तोंडात घे, फुंकर अगदी हलकी. तोंडाला फेस येईल, तो पुसत बसू नकोस. मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, पुन्हा तेच, मदत येईपर्यंत. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर दबायला हवी, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं. लहान मुलाची, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. उलटी झाली तर कुशीवर वळव, तोंड साफ कर, परत सुरू.

परक्या पुरुषाच्या तोंडाला तोंड लावायचं म्हणून संकोच वाटेल, चार लोक बघतील. बघू देत. अगदीच जमलं नाही तर निदान छाती तरी दाबत राहा.

आणि हो, पोहता येत नसेल तर मागोमाग उडी घेऊ नकोस. कासरा, लुगडं, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेक. शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. काही तासांनी पुन्हा धाप लागू शकते.