काठावरचा निर्णय : कबड्डीचे पंच होणाऱ्या शिक्षकांसाठी

शालेय कबड्डी सामन्यांत पंचाचे काम बहुधा शिक्षकांकडेच येते. पुष्कळसे निर्णय उघड असतात. ते कोणासही देता येतील. पंचाची कसोटी लागते ती काठावरच्या निर्णयात. तेथे केवळ तीक्ष्ण दृष्टी पुरत नाही. उभे राहण्याची जागा आणि निर्णय उच्चारण्याची वेळ या दोहोंची शिस्त लागते.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. फलंदाजासमोर जमिनीत सुमारे ४३ सेंटिमीटर रुंदीची पाटी बसविलेली असते. तिच्यावरून, गुडघा व छाती यांच्या दरम्यानच्या उंचीने, गेलेला चेंडू योग्य ठरतो. ही चौकट डोळ्यांना दिसत नाही, आणि जलद चेंडू तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोहोचतो. म्हणून पंच चेंडू झेलणाऱ्याच्या मागे डोके स्थिर ठेवून उभा राहतो, चेंडू हातमोज्यात शिरेपर्यंत पाहतो आणि क्षणभर थांबून मगच निर्णय देतो.

कबड्डीतही हीच रीत उपयोगी पडते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा व तिच्यापुढे १ मीटरावर बोनस रेषा असते. निदानरेषा ओलांडताना चढाई करणाऱ्याच्या शरीराचा कोणताही भाग ती रेषा व मध्यरेषा यांमधील जमिनीस टेकलेला नसावा. बोनस गुणासाठी बचाव करणारे किमान ६ गडी मैदानात हवेत. तसेच एक पाय रेषेपलीकडे टेकलेला असताना दुसरा अधांतरी हवा. नवखा पंच पुढच्या पायाकडे पाहतो. निर्णय मात्र पुष्कळदा मागच्या पायावर अवलंबून असतो.

मैदानाच्या सीमारेषा हा मैदानाचाच भाग होय. रेषेवर पाय पडला म्हणून गडी बाद होत नाही. फैजपूर परिसरातील काळ्या जमिनीवर फक्कीने आखलेली रेषा थोड्याच चढायांत पुसट होते. ती मध्यंतरात पुन्हा आखावी. पुसट रेषेवरचा निर्णय म्हणजे निव्वळ अंदाज.

दोन पंचांत मतभेद झाल्यास सरपंच निर्णय देतात. जे स्वतः पाहिले नाही, ते प्रेक्षकांच्या गलक्यावरून ठरवू नये. आपल्याच शाळेचा संघ खेळत असेल तर शक्यतो पंच होऊ नये. होणे भागच पडले तर दोन्ही संघांस एकच माप लावावे.

उपक्रम : जमिनीवर एक रेषा आखावी. एका विद्यार्थ्याने ती धावत ओलांडावी. दुसऱ्याने रेषेच्या टोकाशी, तिच्या सरळ रेषेत, आणि तिसऱ्याने तिरकस बाजूस उभे राहून पाय कोठे पडला ते पाटीवर लिहावे. मातीतील ठशाशी दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. असे दहा वेळा केल्यावर पंचाने कोठे उभे राहावे, हे मुले स्वतःच सांगतील.

हरलेल्या मुलास पराभव विसरता येतो, अन्याय विसरता येत नाही. न्याय म्हणजे काय, याचा पहिला धडा पुष्कळ मुलांस क्रीडांगणावरच मिळतो; तो देणारे आपण आहोत, हे शिक्षकबंधुभगिनींनी शिटी हाती घेताना ध्यानात ठेवावे.