चाकापर्यंत पोचणारी ताकद

आमच्या जत तालुक्यात एचपीचा विषय निघाला, की आधी ट्रॅक्टर आठवतो. डाळिंबाच्या बागेत ब्लोअर चालवायचा असेल, तर इंजिन किती एचपीचं याला फारसा अर्थ नसतो, पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, किती मिळते ते बघावं लागतं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद स्वतंत्र दिलेली असते. छोटा ट्रॅक्टर घेताना मी तो आकडा विचारल्याशिवाय बयाणा दिला नव्हता. पण आलिशान मोटार घेतली तेव्हा हीच अक्कल वापरायचं राहून गेलं आणि ते फार महागात पडलं. तालुक्यातली बरीच तरुण पोरं आता पुण्या-मुंबईहून अशा जुन्या गाड्या आणतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गाडी ऑडी ए-सिक्स, तीन लिटर डिझेल, क्वाट्रो. म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. वस्तीकडचा रस्ता काळ्या रानातून जातो, पावसात तिथं साधी मोटार रुतते, म्हणून मुद्दाम ही घेतली. कागदावर ताकद २४५ पीएस, म्हणजे मेट्रिक एचपी. पुतण्या म्हणाला, "तात्या, चिप मारली तर तीनशेच्या घरात जाईल." मी म्हटलं, आधी आज किती आहे ते तर मोजू. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

मोजायला डायनो लागतो. जमिनीत बसवलेल्या रोलरवर चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि ॲक्सिलरेटर दाबून रोलर फिरवायचा. रोलर किती जोरानं आणि किती वेगानं फिरला यावरून चाकाची ताकद निघते. एका शहरातल्या गॅरेजात आम्ही गेलो. तिथं रोलर दोनच चाकांचा होता. "पुढची चाकं चढवू, मागची बांधून ठेवू, दोन मिनिटांचं काम आहे," असं तिथला माणूस म्हणाला. मी हो म्हटलं.

पुढची चाकं फिरू लागली आणि मागची सिमेंटच्या फरशीवर जागेवर. काटा वर चढायला लागला तशी गाडी मागच्या चाकांच्या जोरावर रोलरवरून बाहेर यायला धडपडू लागली. पट्टा असा ताणला गेला, की त्याची कडा दोरीसारखी वळली. कुणीतरी ओरडलं, ड्रायव्हरनं पाय काढला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. गाडीखालून जळक्या गिअर ऑइलचा वास आला. तो वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. परत येताना वळणावर घरघर ऐकू येऊ लागली आणि महिनाभरात मधला डिफरेन्शियल उघडावा लागला. त्या पैशात माझ्या एका बागेचं नवं ठिबक झालं असतं.

असं का झालं ते मी नंतर समजून घेतलं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद वाटून देणारा एक भाग असतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरतात. तेवढा किंचित फरक सांभाळावा एवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. पुढची चाकं ताशी शंभरनं आणि मागची शून्यानं, असा फरक त्याच्यावर टाकला तर तो काही सेकंदांत तापतो. कुठं हा डिफरेन्शियल दातांचा असतो, तर बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हसारख्या गाड्यांत चकत्यांचा क्लच असतो आणि त्याला कॉम्प्युटर दाबतो. फ्यूज काढला की चालतं, मागचा शाफ्ट सोडला की चालतं, असं सांगणारे भेटतात. एका प्रकारच्या गाडीला कदाचित चालतही असेल, पण दुसरीत त्याच उपायानं नुकसान होतं. म्हणून चार रोलर, पुढचे आणि मागचे एकाच वेगात बांधलेले, एवढंच बघा. नसतील तर चहा पिऊन परत या. गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला बांधून, पुढचं तोंड उचलून ओढत आणायची आपल्याकडची पद्धतही इथं चालत नाही. चारही चाकं वर घेणारी गाडीच बोलवायची. आणि टायर बदलताना दोनच नवे टाकू नका. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्यामुळं सरळ रस्त्यावरसुद्धा तो मधला भाग सतत घासत राहतो.

दुरुस्तीनंतर मी चार रोलरच्या डायनोवर गेलो. चाकांवर आकडा आला २०३. पुतण्याचा चेहरा पडला, मला मात्र बरं वाटलं. कंपनी २४५ सांगते ती इंजिनाच्या तोंडाशी. गिअरबॉक्स, मधला डिफरेन्शियल, पुढचा-मागचा शाफ्ट, टायर, सगळे आपापला वाटा खातात. चारही चाकांच्या गाडीत फिरणारे भाग जास्त, म्हणून वाटाही जास्त. पंधरा ते पंचवीस टक्के जाणं यात काही नवल नाही. माझ्या गाडीचे सतरा टक्के गेले होते, म्हणजे इंजिन ठणठणीत होतं.

खरी फसगत याच्यापुढं होणार होती. दुसऱ्या एका ठिकाणी मी चिप मारून घेतली, तेव्हा मला दोन कागद दाखवले गेले. आधीचा २०३, नंतरचा २२५. बावीसची वाढ, आणि पुढच्या टप्प्यात आणखी देतो म्हणाले. कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काही वेगळं छापलं होतं. पहिल्यावर दुरुस्ती-गुणक नव्हता, दुसऱ्यावर होता. हवा विरळ किंवा गरम असली की इंजिन कमी ताकद देतं, म्हणून डायनो आकडा एका ठरावीक हवेवर आणून दाखवतो. ही ठरावीक हवा प्रत्येक पद्धतीत निराळी. एसएई जे-१३४९ मध्ये २५ अंश आणि ९९० मिलिबार. एसटीडी नावाच्या जुन्या पद्धतीत साडेपंधरा अंश आणि १०१३ मिलिबार, म्हणून तिचा आकडा नेहमी फुगलेला. त्या दिवशी पारा ३८ वर होता, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. मी कागदावर गुणाकार केला. चिप न मारलेल्या गाडीचे तेच २०३ एसएईनं २१८ होत होते आणि एसटीडीनं थेट २२५. इंजिनात एका घोड्याचीही भर पडली नव्हती. शिवाय टर्बो असलेलं इंजिन विरळ हवेची तूट बरीचशी स्वतःच भरून काढतं, त्याला असा पूर्ण गुणक लावणंच चूक. मी चिप काढायला लावली. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि विम्याची अट दोन्ही अशा बदलाच्या आड येतात, हेही चिप मारायच्या आधीच ध्यानात घ्यायला हवं होतं.

एचपी म्हणजे काय, हे पोरांना मी मोटेवरून सांगतो. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं म्हणजे एक पीएस. दहा मीटर खोल विहिरीतून दीडशे लिटरची मोट वीस सेकंदांत वर आली, की झाली एक. हे कळलं की आणखी एक गोष्ट उमगते. वजन, वेग आणि वेळ एवढंच माहीत असेल, तर डायनोशिवायही ताकद काढता येते.

ते आम्ही करून पाहिलं. आधी गाडी, आम्ही दोघं आणि अर्धी टाकी, असं सगळं वजनकाट्यावर चढवलं. भरलं १९६० किलो. मग सकाळी सहाला नागज फाट्यापुढं मिरज-पंढरपूर महामार्गावर गेलो. रस्ता मोकळा आणि सपाट असेल तेव्हाच, आणि १०० च्या पुढं अजिबात नाही, हे आधीच ठरलं होतं. ६० वरून १०० ला जायला लागणारा वेळ पुतण्यानं स्कॅनरवरून टिपला. नजर रस्त्यावर ठेवणारा आणि आकडे बघणारा ही दोन वेगळी माणसं हवीत, एकट्यानं हे करू नये. पहिल्या फेरीत ३.७ सेकंद आले. त्याला वाटलं, झालं. मी त्याला लांबच्या पवनचक्क्या दाखवल्या. ज्या भागात वाऱ्यावर वीज तयार होते तिथं वाऱ्याचा हिशेब सोडून कसं चालेल? गाडी वळवून त्याच पट्ट्यात उलटी फेरी मारली, ३.४ आले. सरासरी ३.५५.

घरी येऊन हिशेब मांडला. त्या दोन वेगांमधल्या गतीच्या ऊर्जेतला फरक ४ लाख ८४ हजार ज्यूल. भागिले ३.५५, म्हणजे १३६ किलोवॅट. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, तेव्हा १८५. हवा आणि टायरचा अडथळा कापायला गेलेले साधारण बारा मिळवले, की १९७. ही सरासरी ताकद आहे, डायनोचा २०३ हा कमाल बिंदू. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

एवढं जुळलेलं बघून पुतण्यानं डाळिंबाच्या विक्रीची वही ओढली आणि मागच्या पानावर तारीख, तापमान, टायरची हवा, वजन आणि दोन्ही वेळा लिहून ठेवल्या. दर सहा महिन्यांनी आम्ही त्याच जागी, तेवढ्याच वजनानं दोन फेऱ्या मारतो. गेल्या खेपेला वेळ पाव सेकंदानं वाढला होता. एअर फिल्टर उघडला, तर आत वस्तीकडच्या रस्त्याची काळी माती बोटभर साचली होती.