पाचव्या आज्ञेतील ‘मान’

मातापित्यांचा मान राखावा, ही दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा आपल्या शाळेतील लहानात लहान मुलासही पाठ असते. (रोमन कॅथलिक बांधव आज्ञांची गणना निराळ्या रीतीने करितात, म्हणून त्यांच्याकडे हीच आज्ञा चौथी ठरते.) परंतु लहानपणी पाठ केलेली ही आज्ञा लहानपणापुरतीच आहे, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसते. आईने सांगितलेले ऐकावे, उलट उत्तर देऊ नये, वडील आले असता उठून उभे राहावे, एवढाच तिचा अर्थ घ्यावयाचा. आणि मिसरूड फुटले की धडा संपला असे समजून पान उलटावयाचे! ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी माझ्याबरोबर थोडा वेळ करावा, अशी विनंती आहे.

प्रथम ही आज्ञा कोणास दिली ते पाहू. निर्गमाच्या २० व्या अध्यायात सीनाय पर्वतापाशी जमलेला समाज काही केवळ बालकांचा नव्हता. याच आज्ञेच्या शेजारी व्यभिचार करू नये, खोटी साक्ष देऊ नये, शेजाऱ्याच्या घराचा किंवा बैलाचा लोभ धरू नये, अशा आज्ञा आहेत. शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ पाळण्यातील मुलास कोठून असणार? ज्यांना स्वतःची बायकामुले व गुरेढोरे होती, आणि ज्यांच्या तंबूत थकलेले आईबाप बसलेले होते, अशा कर्त्या माणसांना उद्देशून हे सांगितलेले आहे. लेवीय १९ व्या अध्यायात हीच गोष्ट पुन्हा आली आहे आणि तेथे आईचे नाव बापाच्या आधी आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे ‘मान राखणे’ या अर्थी जो इब्री शब्द योजिला आहे, त्याच्या धातूचा मूळ अर्थ जड असणे, भारी असणे असा आहे. हा विचार आपल्यास परका नाही. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड, आणि त्यापासूनच ‘गौरव’ हा शब्द झाला. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, असे आपण नित्य बोलतो. आईबापांचा मान राखणे म्हणजे त्यांचे वजन आपल्या मनाच्या तराजूत कमी होऊ न देणे. पण आपली मराठी फार स्पष्टवक्ती आहे. ‘म्हातारी आता घराला जड झाली,’ असेही आपण म्हणतो. शब्द तोच, एका अर्थाने तो आज्ञेचे पालन आहे आणि दुसऱ्या अर्थाने तिचा भंग.

प्रभू येशूने या आज्ञेसंबंधी सर्वांत कडक शब्द काढले ते मुलांपुढे नव्हे, तर परूशी व शास्त्री यांच्यापुढे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात हा प्रसंग आहे. आपल्या मालमत्तेपैकी जे आईबापांच्या उपयोगी पडले असते ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे एखाद्याने म्हटले की त्यावरील आईबापांचा हक्क संपे. आणि मग त्याने त्यांच्यासाठी काही करू म्हटले, तरी शास्त्री त्यास करू देत नसत. देवाचे नाव पुढे करून देवाचीच आज्ञा रद्द करण्याची ही युक्ती प्रभूने उघडी पाडिली. आपण मंडळीतील माणसांनी हा अध्याय जरा सावकाश वाचावा, असे मला वाटते. उपासना, सभा, वर्गणी, गायनाची तालीम यांत आठवड्याचे सातही दिवस घालविणारे आणि घरी आजारी आईच्या खाटेपाशी पाच मिनिटे न बसणारे लोक मी पाहिले आहेत. कुर्बान या शब्दाचा उच्चार ते करीत नाहीत, इतकेच.

आईबापांच्या पोषणाचा प्रश्न आपल्या देशात कायद्यापुढेही आला आहे. वृद्ध आईबापांचा निर्वाह मुलांनी करावा, न केल्यास त्यांस न्यायाधिकरणाकडे दाद मागता यावी, यासाठी २००७ साली आपल्या संसदेने स्वतंत्र कायदा केला. तो करावा लागला ही लाजेची गोष्ट आहे. तो झाला ही चांगली गोष्ट आहे. नव्या करारातही मान आणि पोषण ही एकमेकांपासून तोडलेली नाहीत. मान या अर्थाचा तेथील ग्रीक शब्द मोल किंवा किंमत याही अर्थी येतो. आणि निराधार विधवांचा मान राखण्याविषयी पौल तीमथ्याला लिहितो, तेव्हा त्यांचे पोषण व्हावे हेच त्याच्या मनात आहे, हे पुढील ओळींवरून कळून येते. नुसत्या नमस्काराने चूल पेटत नाही. परंतु महिन्याच्या महिन्यास पैसे पोचते झाले आणि त्या माणसाचे घरात वजन मात्र उरले नाही, तर तो हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल काय?

याविषयी लिहिताना स्वतःची एक गोष्ट लपविणे मला योग्य वाटत नाही. मी वसतिगृहात राहून वरच्या वर्गात शिकत होतो. मोटारीचे भाडे वाचविण्यासाठी माझे वडील एकदा सहा कोस पायी चालत मला भेटावयास आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले, खांद्यावर घोंगडी, हातात भाकरी व शेंगदाण्याची चटणी बांधलेले फडके. फाटकापाशी माझे सोबती उभे होते. त्यांपैकी एकाने विचारले, “कोण रे हे?” मी म्हणालो, “आमच्या गावचे आहेत. निरोप घेऊन आले आहेत.” वडील चार हातांवर होते, त्यांनी ते ऐकिले. ते पुढे आले, फडके माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “तुमच्या आईनं दिलंय. नीट ठेवा.” जन्मात त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटले ते त्या एका वेळी. पाणीसुद्धा न पिता ते परत गेले. मी त्यांचा मान सोबत्यांपुढे घालविला आणि त्यांनी माझा राखला. पुढे ते पुष्कळ वर्षे जगले. पण ती गोष्ट त्यांनी कधी काढिली नाही, आणि मलाही काढण्याचे धैर्य झाले नाही. आपल्या वार्षिक समारंभास आईबाप येतात, त्या दिवशी काही मुले त्यांच्यापासून दोन पावले दूर उभी असलेली दिसतात. मला तेव्हा रागावता येत नाही.

आता पालकांकडे वळतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात पौलाने मुलांना आज्ञापालन सांगितले, आणि लगेच बापांना आपल्या मुलांस चिडीस आणू नये असे बजाविले. त्या काळी रोमी कायद्याने बापाची मुलांवर जवळजवळ अनिर्बंध सत्ता होती. नवजात अर्भक घरात ठेवावे की टाकून द्यावे, हेसुद्धा तोच ठरवी. अशा जगात बापालाही मर्यादा घालणारे हे शब्द ऐकणाऱ्यांना केवढे नवे वाटले असतील! पाहुण्यांच्या देखत मुलाचे प्रगतिपुस्तक उघडून शेजाऱ्याच्या मुलाचे गुण त्यास ऐकविणारा बाप आपल्या मुलाचे वजन चार माणसांत कमी करीत असतो. तसेच पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात पतींना पत्नीचा मान राखावयास सांगितले आहे. आई सर्वांच्या मागून, उरेल ते जेवते, आणि बाप तिच्याशी मुलांदेखत हुकमाच्या भाषेत बोलतो. त्या घरातील मुलगा आईचा मान राखावयास कोणापासून शिकणार? रविवारच्या शाळेतील अर्ध्या तासात आम्ही शिक्षक ते शिकवू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

एक अवघड प्रश्न उरतो. आईबाप किंवा पती यांचे म्हणणे आणि आपली श्रद्धा यांची फारकत झाली तर? लूक १४ व्या अध्यायात आईबापांचा द्वेष करण्यासंबंधी प्रभूचे जे शब्द आहेत, ते वाचून अनेक जण दचकतात. मत्तय १० व्या अध्यायात तोच बोध आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ उघड आहे: आईबापांवर प्रभूपेक्षा अधिक प्रीती करू नये. प्रीती करू नये असे कोठेच म्हटलेले नाही. पण हे घरात कसे चालवावयाचे, याचे उत्तर व्याकरणात नाही, माणसांच्या वागण्यात आहे. म्हणून महाराष्ट्रातील एका घराकडे पाहू.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांना तो घाव सोसवेना. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे ती दोघे एकत्र आली, तरी बाईंनी काही काळ आपले सोवळेओवळे सोडिले नाही, आणि टिळकांनीही बळजबरी केली नाही. त्यांनी आपला निर्णय आपल्या वेळी घेतला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ सालापासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला. त्यात पतीचा तापटपणा, त्यांचे अचानक घर सोडून जाणे, यांतले काही लपविलेले नाही. सोवळ्याच्या अतिरेकाने सारे घर भंडावून सोडणाऱ्या आपल्या वडिलांचेही चित्र त्यात आहे. वाचताना आपण हसतो. तथापि त्या वडिलांविषयी तिरस्कार मात्र वाटत नाही, कारण लिहिणारीच्या मनात तो नाही. दोष झाकल्यावाचून मान राखता येतो, याचा इतका चांगला पुरावा मला मराठीत दुसरा ठाऊक नाही.

१९१९ साली टिळक वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबलेले होते. कधीही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले आणि उरलेला बहुतेक सर्व भाग स्वतः रचिला. १९३६ साली त्याही गेल्या. राहिलेला अखेरचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला, आणि १९३८ साली तो ग्रंथ छापून निघाला.